सोक्ड, ड्रेंच्ड, सॉगी, सॅच्युरेटेड: सगळ्यांचा अर्थ ओलाचिंबच, मग फरक काय?

पावसाळा लागला की इंग्रजी बातम्यांत ओल्या शब्दांची नुसती गर्दी होते. हवामान खात्याच्या इशाऱ्यात सखल भागात 'वॉटर लॉगिंग' होईल असं असतं, स्टेशनबाहेरच्या फोटोखाली 'ड्रेंच्ड कम्युटर्स' असतं, घाटात दरड का आली ते सांगताना 'सॅच्युरेटेड सॉइल' येतं, आणि मॅच लांबली की आउटफील्ड 'सॉगी' असते. आता यातला एकेक शब्द इंग्रजी-मराठी डिक्शनरीत काढून बघा, उत्तर फिरून फिरून तेच, ओलाचिंब, भिजलेला, पाण्याने भरलेला. मग पोरं विचारतात की अर्थ एकच आहे तर एवढे शब्द कशाला, आणि परदेशी जाण्यासाठीच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारे लिस्टच्या लिस्ट पाठ करतात पण कुठला शब्द कुठे टाकायचा ते कळत नाही म्हणून शेवटी सगळीकडे 'व्हेरी वेट' लिहून मोकळे होतात.

हे शब्द शिकवायची जी नेहमीची पद्धत आहे ना, कमी ओला, जास्त ओला, खूप ओला अशी शिडी काढायची, ती मला पटत नाही. मात्रेचा फरक आहेच, पण त्याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या असतात. पाणी नक्की कुठेय, म्हणजे वस्तूच्या वर, आत, की हवेत? आणि ते पाणी तिथे हवंय की नकोय? हे दोन प्रश्न विचारले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

पाणी वर आहे की आत?

दोरीवरचा टॉवेल घ्या. संध्याकाळी हात लावून बघितला, पूर्ण वाळलेला नाही, गारसर लागतोय पण हाताला पाणी लागत नाही, तो 'डॅम्प'. हाताला पाणी लागलं की 'वेट'. धाग्याधाग्यात पाणी मुरलं, पिळला तर धार लागेल, तो 'सोक्ड'. न पिळताच टपटपतोय, निथळतोय, तो 'ड्रिपिंग वेट'.

इथपर्यंत शिडीच वाटते, पण आता टॉवेल बाजूला ठेवा आणि बाथरूमची फरशी बघा. फरशीवर बादलीभर पाणी सांडलं तरी ती 'सोक्ड' होत नाही, ती 'वेट'च राहते, म्हणून मॉलमध्ये पिवळ्या पाटीवर 'वेट फ्लोअर' असतं. कारण सोक होण्यासाठी वस्तूने पाणी प्यावं लागतं, शोषावं लागतं. इंग्रजीतला 'सोक' आणि 'सक', म्हणजे चोखणं, हे एकाच घरातले शब्द आहेत. गादी सोक होते, वही सोक होते, पावात रस मुरतो तो सोक होतो, पण काच, स्टील, टाइल कधीच नाही. आणि रात्री आपण मटकी भिजत घालतो तेही 'सोक'च, कारण तिथे दाणा पाणी आत घेतो आणि फुगतो.

मग कोणी म्हणेल, माणूस कुठे पाणी पितो कातडीतून, तरी 'आय ॲम सोक्ड' म्हणतातच की. बरोबर, पण ते कपड्यांबद्दल असतं. पाणी कपड्यांत मुरत मुरत आतपर्यंत गेलं की 'सोक्ड टू द स्किन', कातडीपर्यंत भिजलो. स्विमिंग पूलमधून चड्डीवर बाहेर आलेल्या पोराला कोणी सहसा सोक्ड म्हणत नाही, तो वेट किंवा ड्रिपिंग असतो. तोच पोरगा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पुलात पडला तर सोक्ड.

हा फरक कामाचा आहे. मिक्सर, इंडक्शन यांच्या मॅन्युअलमध्ये पुसायचं कसं ते लिहिलेलं असतं, 'वाइप विथ अ डॅम्प क्लॉथ'. आपण त्याचं 'ओल्या फडक्याने पुसा' करतो आणि फडकं नळाखाली धरून थेट बटणांवर फिरवतो, पाणी आत जातं. डॅम्प क्लॉथ म्हणजे घट्ट पिळलेलं, एक थेंबही न सुटणारं फडकं.

ड्रेंच: हा शब्द आपल्या शेतकऱ्याला आधीपासून माहितीय

सोक आणि ड्रेंच यात बहुतेकजण अडकतात. सोक होताना पाणी मुरतं, त्याला वेळ लागतो, आणि वस्तू नुसती पाण्यात पडून राहिली तरी चालते. ड्रेंच होताना पाणी बाहेरून येतं, वरून येतं, भरपूर येतं. त्यामुळे पावसात माणूस ड्रेंच होतो, लाटेने होतो, होळीला कोणी बादली ओतली तर होतो, पण पातेल्यात भिजत घातलेली डाळ कधी ड्रेंच होत नाही.

या शब्दाचा मूळ अर्थ मात्र भिजवणं नाहीच, पाजणं आहे. इंग्रजीत 'ड्रिंक' म्हणजे पिणं, आणि त्याचंच दुसऱ्याकडून करवून घ्यायचं रूप 'ड्रेंच'. आपल्याकडे पिणं-पाजणं, पडणं-पाडणं अशी जोडी असते तशी जुन्या इंग्रजीतही होती, 'फॉल' म्हणजे पडणं आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणं ही त्यातलीच एक, अजून वापरात आहे. ड्रेंच आधी पाजणं, मग बुडवणं, मग भिजवून काढणं असा सरकत गेला.

आणि जुना अर्थ मेलेला नाही. शेळ्यामेंढ्यांना तोंडावाटे जंताचं औषध पाजतात त्याला व्हेटर्नरी इंग्रजीत आजही ड्रेंच म्हणतात, आणि ज्या पंपाने औषध थेट घशात सोडतात ती ड्रेंचिंग गन. आपल्या द्राक्ष, डाळिंब, आलं, हळदवाल्यांकडे तर 'ड्रेंचिंग' हा रोजचा शब्द आहे. मर रोग दिसला, मूळकूज वाटली की ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी किंवा बुरशीनाशक पाण्यात कालवायचं, फवारणी पंपाचं नोझल काढून टाकायचं आणि बुंध्याशी धार सोडायची, मुळांपर्यंत पोचेल इतकी. शुद्ध मराठीत त्याला आळवणी म्हणतात. पानावर मारतात ती फवारणी, मुळाला पाजतात ते ड्रेंचिंग. आलं लावणाऱ्या माणसाला ड्रेंचचा जो नेमका अर्थ माहिती असतो तो इंग्रजीचा पेपर ९० मार्कांनी पास झालेल्यालाही नसतो, आणि गंमत म्हणून नाही सांगत, खरंच शाळेत हा शब्द शिकवताना हेच उदाहरण घ्यायला हवं.

मॉइस्ट चांगलं, सॉगी वाईट

आता दुसरा प्रश्न, पाणी हवंय की नकोय.

नर्सरीतून कुंडी आणली की कधी कधी टॅगवर लिहिलेलं असतं, 'कीप सॉइल मॉइस्ट, नॉट सॉगी'. दोन्हीचं मराठी 'ओलं' केलं तर वाक्यच उलटंपालटं होतं, माती ओली ठेवा पण ओली नको. मॉइस्ट म्हणजे जेवढा ओलावा असायला हवा तेवढा. सॉगी म्हणजे पाणी जास्त झाल्यामुळे बिघडलेलं, गिचगिचीत, लिबलिबीत. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वाफसा असलेली माती ती मॉइस्ट, जिच्यात ओलही आहे आणि हवाही खेळतेय, मूठ दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो. सॉगी मातीत हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, ती कुजतात, वरून पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं झाडाला पाणी कमी पडतंय म्हणून आणखी ओततो.

खाण्याच्या बाबतीतही तेच. केकला मॉइस्ट म्हणणं ही स्तुती, सॉगी म्हणणं म्हणजे नावं ठेवणं. पोहे धुऊन निथळले, दाणा न् दाणा मोकळा आणि मऊ, ते मॉइस्ट. पाण्यात राहिले, गिचका झाला, ते सॉगी. ब्रिटनमध्ये पाय नावाचा पदार्थ असतो, त्यात सारणाचं पाणी खालच्या पारीत उतरून ती कच्ची-मऊ राहिली तर तिला 'सॉगी बॉटम' म्हणतात, आणि तिथल्या २०१० साली सुरू झालेल्या बेकिंगच्या टीव्ही स्पर्धेमुळे हा शब्द घराघरात गेला.

मॉइस्टची एक वेगळीच भानगड आहे. शब्दाचा अर्थ चांगला असूनही इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना तो ऐकायलाच नको वाटतो, शिसारी येते. अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजच्या पॉल थिबोडो या मानसशास्त्रज्ञाने यावर २०१६ साली अभ्यास छापला. लोक म्हणतात की शब्दाचा आवाजच घाणेरडा आहे, पण तसाच आवाज असलेला 'हॉइस्ट' किंवा 'फॉइस्ट' त्यांना खटकत नव्हता, म्हणजे मामला आवाजाचा नसून शरीरातल्या स्रावांची वगैरे जी आठवण होते तिचा होता. त्यामुळे केकबद्दल बिनधास्त वापरा, माणसाच्या अंगाबद्दल वापरताना जरा जपून.

दवाखान्यात मात्र मॉइस्ट फार महत्त्वाचा शब्द आहे. जखम उघडी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरू द्यावी हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून मॉइस्ट ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, आणि आजची बरीच ड्रेसिंग्ज याच तत्त्वावर बनतात. इथे मॉइस्टचं 'ओली ठेवा' केलं आणि कोणी जखम पाण्याने भिजवतच ठेवली तर नुकसानच, भोवतीची कातडी पांढरी पडून सुटायला लागते.

सॉगीचा थोरला भाऊ म्हणजे 'सॉडन'. हा जड शब्द आहे, पाणी पिऊन वजन वाढलेल्या वस्तूंसाठी, बुटांसाठी, घोंगडीसाठी, पाय रुतेल अशा मैदानासाठी. याचा मूळ अर्थ ऐकून आश्चर्य वाटेल, उकडलेला! 'सीद' म्हणजे उकळणं, त्याचं जुनं रूप सॉडन. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या कोकराबद्दल सांगितलंय की ते कच्चं खाऊ नका, पाण्यात सॉडन केलेलं खाऊ नका, आगीवर भाजून खा. तिथे सॉडन म्हणजे शिजवलेलं. उकडलेली भाजी जशी पाणी पिऊन लिबलिबीत होते त्यावरून अर्थ आजच्या जागी येऊन बसला, आणि मूळ सीद आता बहुतेक रागापुरता उरलाय, आतल्या आत खदखदणं. मराठीतही राग आणि रस्सा दोन्ही खदखदतातच.

भरून गेलं की सॅच्युरेटेड, पाणी भरूनच राहिलं की वॉटरलॉग्ड

सॅच्युरेटेड हा लॅटिनमधून आलेला शब्द, 'सातुर' म्हणजे पोट भरलेला. सॅटिस्फाय त्याच मुळाचा. आता आणखी एक थेंबही मावणार नाही अशी अवस्था. त्यामुळे इथे किती लिटर पाणी हे महत्त्वाचं नसतं, वस्तूची मावण्याची हद्द महत्त्वाची असते.

दरडींच्या बातम्यांत हा शब्द का येतो ते समजून घ्यायला हवं. माती म्हणजे कण आणि कणांमधली पोकळी. पावसाचं पाणी आधी पोकळीत जातं. पोकळी पूर्ण भरली की माती सॅच्युरेटेड, मग पुढचं पाणी कणांनाच एकमेकांपासून ढकलायला लागतं, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि वजन तर वाढलेलंच असतं. उतारावर अशी माती एका झटक्यात खाली येते. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, आणि या सगळ्यांच्या आधी जोराचा पाऊस झालेला होता. म्हणून डोंगराजवळ राहणाऱ्या कोणीही इंग्रजी इशाऱ्यात 'सॉइल इज सॅच्युरेटेड' वाचलं तर त्याचा अर्थ 'माती ओली आहे' असा घेऊ नये, पावसाळ्यात माती ओलीच असते. त्याचा अर्थ डोंगराची पाणी पोटात घ्यायची ताकद संपली, आता थोडा पाऊसही धोक्याचा.

वॉटरलॉग्ड हा खलाशांचा शब्द. जहाजात इतकं पाणी शिरलं की ते बुडतही नाही आणि सुकाणूलाही ऐकत नाही, लॉग म्हणजे लाकडाच्या ओंडक्यासारखं पाण्यात पडून राहतं. तिथून तो जमिनीवर आला. इंग्लंडमध्ये फुटबॉलची मॅच 'वॉटरलॉग्ड पिच'मुळे रद्द होते तेव्हा मैदानाच्या मातीत पाणी भरलेलं असतं, वर तळं दिसेलच असं नाही. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र हा शब्द डांबरी रस्त्यावर आला, मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं, मिलन सबवे भरला की वॉटरलॉगिंग. कोणी म्हणेल ही चुकीची इंग्रजी. मला नाही तसं वाटत, भारतीय इंग्रजीने शब्द आपल्या गरजेप्रमाणे वळवून घेतला आणि सरकारी कागदांतही तो तसाच बसलाय, फक्त लंडनमध्ये कोणाला सांगताना 'द रोड इज फ्लडेड' म्हणा म्हणजे पटकन कळेल.

मूळ अर्थाचं वॉटरलॉगिंग बघायचं असेल तर शिरोळ, मिरज, वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात जा. वर्षानुवर्षं पाटाने जास्तीचं पाणी देऊन देऊन खालची पाण्याची पातळी वर आली आणि काळीभोर जमीन चिबड झाली. चिबड म्हणजेच वॉटरलॉग्ड. वर पाणी दिसतंच असं नाही, उन्हाळ्यात तर पांढरी खार फुटलेली दिसते, पण खाली मुळांच्या जागी हवा नाही. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढून द्यावं लागतं.

पण 'व्हेरी वेट' म्हटलं तर बिघडलं कुठे?

काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. फक्त 'व्हेरी सोक्ड', 'व्हेरी ड्रेंच्ड', 'व्हेरी सॅच्युरेटेड' म्हटलं की ते कानाला खटकतं, आणि त्याचं कारण सोपं आहे. व्याकरणात काही विशेषणांना ग्रेडेबल म्हणतात, म्हणजे ज्यांची मात्रा कमी-जास्त करता येते. वेट, डॅम्प, सॉगी ही तशी, त्यांना व्हेरी चालतं. सोक्ड, ड्रेंच्ड, सॅच्युरेटेड यांच्यात 'खूप' आधीच भरलेलं आहे, त्यांना 'कम्प्लीटली' किंवा 'ॲब्सोल्यूटली' लावतात. आपणही 'खूप चिंब भिजलो' असं सहसा म्हणत नाही, 'पार चिंब झालो' म्हणतो.

दुसरी अडचण 'सोकिंग'ची. 'आय ॲम सोकिंग' म्हणजे मी भिजवतोय असं वाटतं, पण इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ मी भिजलोय असाच होतो, 'सोकिंग वेट' मधला वेट गाळलेला. तसंच 'सॉपिंग वेट'. यातला 'सॉप' म्हणजे रश्शात बुडवलेला पावाचा तुकडा, आणि सूपही त्याच कुळातलं, आधी पाव आणि त्यावर ओतलेला रस्सा मिळून सूप व्हायचं. निवडणुकीच्या आधी इंग्रजी पेपरांत 'प्री-पोल सॉप्स' छापून येतं ना, तोच हा सॉप. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्याला गप्प करायला मधाची पोळी टाकतात, त्यावरून कोणाला शांत करायला टाकलेल्या तुकड्याला सॉप म्हणायला लागले.

मराठीत एवढे शब्द आहेत का?

आहेत, आणि काही ठिकाणी आपले जास्त नेमके आहेत. ओलसर, दमट, सर्द, ओलंगच्च, चिंब, पचपचीत, राड, चिकचिक. डबा उघडा राहिला आणि चिवडा सादळला, यातलं 'सादळणं' बघा, पाणी लागलेलं नाही, फक्त पावसाळी हवेने कुरकुरीतपणा गेला. इंग्रजीत त्याला सहसा सॉगी म्हणत नाहीत कारण सॉगीला खरं पाणी लागतं, चहात बुडवलेलं बिस्कीट सॉगी, पुड्यात राहिलेलं नुसतं 'सॉफ्ट'. म्हणून इंग्रजी शब्दाला मराठी शब्द एकास एक चिकटवून पाठ करू नका, त्या शब्दासोबत एक वस्तू लक्षात ठेवा.

हवेतलं पाणी आणि अंगावरचं

डॅम्पचा मूळ अर्थ पाणी नव्हता, वाफ किंवा वायू होता, जर्मनमध्ये आजही 'डाम्फ' म्हणजे वाफ. इंग्लंडच्या कोळसा खाणींत जो मिथेन पेट घ्यायचा त्याला 'फायरडॅम्प' म्हणायचे, आणि त्यापासून खाणकामगारांना वाचवायला हम्फ्री डेव्हीने १८१५ साली जाळीचा सेफ्टी लॅम्प केला. ओलाव्याचा अर्थ वाफेवरूनच आला, आता भिंतीला ओल आली की तिथे नुसतं 'वी हॅव डॅम्प' म्हणतात.

हवा दमट असली की 'ह्युमिड', हा हवामानाचा साधा शब्द. वारा पडलाय, घाम वाळत नाही, जीव कासावीस, ते 'मगी', मुंबईचा जून पाऊस पडायच्या आधी असतो तसा. तळघरासारखं थंड, ओलसर आणि कुबट ते 'डँक'.

राहिला 'क्लॅमी', आणि हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना माहिती असावा असं मला फार वाटतं. गार, ओलसर आणि चिकट, तिन्ही एकदम, तो क्लॅमी. बहुतेक वेळा कातडीबद्दल येतो, हार्ट अटॅकमध्ये किंवा शुगर एकदम खाली गेल्यावर अंग असं होतं. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांवर कधी घरात एकटं असताना जोडीदारासाठी इमर्जन्सीला फोन करायची वेळ येऊ शकते, आणि पलीकडून 'इज ही क्लॅमी?' असं विचारलं जाऊ शकतं. क्लॅमीचा अर्थ ओला असं माहिती असलं तर माणूस गोंधळतो, म्हणतो नाही हो, पाणी कुठे सांडलंय. पण आपल्याकडे 'हातपाय गार पडलेत, दरदरून घाम सुटलाय' असं जे म्हणतात, तेच ते विचारत असतात, आणि तसं असेल तर लगेच 'येस, क्लॅमी' म्हणायचं आणि पत्ता सांगायचा.